अभिजात संगणकखेळ लिनक्सवर कसे चालवावेत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला, आणि छत्रपती संभाजीनगरात सिडको-गारखेड्यातील घरांत, औरंगपुऱ्यातील शिकवणीवर्गांत व वाळूजच्या लहानमोठ्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत जे संगणक धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांची पुढे काय तजवीज करावी, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. त्यांपैकी ज्यांनी आपल्या यंत्रावर लिनक्स मिंट, उबुंटू अथवा डेबियन यांपैकी एखादी मुक्त प्रणाली बसविली, त्यांना पत्रव्यवहार, हिशेब आणि आंतरजालावरील नित्याची कामे पूर्ववत करता येतात, याचा प्रत्यय लवकरच येतो. परंतु ज्यांची शालेय वर्षे डूम, क्वेक किंवा ट्रान्सपोर्ट टायकून यांच्या संगतीत गेली, त्यांच्या मनात एक शंका उरतेच, की हे जुने खेळ आता आपल्याला कायमचे अंतरले काय? या शंकेचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. ते खेळ लिनक्सवर चालतात, उत्तम चालतात, आणि पुष्कळदा मूळच्या डॉसवर चालत असत त्याहून अधिक स्थिरपणे चालतात; मात्र त्यासाठी सोर्स पोर्ट म्हणजे काय हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे, कारण एवढे एक तत्त्व ध्यानी आले म्हणजे उरलेले सर्व काम योग्य जिन्नस योग्य जागी ठेवण्यापुरतेच राहते.

इंजिन आणि सामग्री

प्रत्येक संगणकखेळाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे इंजिन, अर्थात पडद्यावर चित्र कसे उमटवावे, कळ दाबताच पात्राने कसे चालावे, शत्रूने कोणत्या क्षणी वळावे, ध्वनी केव्हा वाजवावा, हे सर्व ठरविणारी आज्ञावली. आणि दुसरा भाग म्हणजे सामग्री, अर्थात नकाशे, चित्रे, आवाज व संगीत यांचा तो संचय, जो इंजिन वाचते आणि ज्यावाचून इंजिनाला करण्यासारखे काहीच उरत नाही. आपल्या शहरातील पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा भेद सहज उमगेल. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून ज्या जात्याला गती दिली, ते जाते एका जागी होते आणि त्यात पडणारे धान्य बाहेरून येत होते, म्हणून जात्याची दुरुस्ती केली तरी धान्याला बाध येत नव्हता. त्याचप्रमाणे खेळाचे जुने इंजिन, जे डॉससाठी अथवा विंडोज ९५ साठी घडविलेले असल्यामुळे आज निरुपयोगी झाले आहे, ते बाजूला सारून त्याच्या प्रकट झालेल्या मूळ संहितेवरून नव्या प्रणालीसाठी घडविलेले इंजिन बसविता येते आणि त्यात जुनीच सामग्री घालता येते. या नव्या इंजिनालाच सोर्स पोर्ट म्हणतात.

ही मूळ संहिता प्रकट कशी झाली, तो इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेने १० डिसेंबर १९९३ रोजी डूम प्रसिद्ध केला, आणि चार वर्षांनी, २३ डिसेंबर १९९७ रोजी, जॉन कारमॅक यांनी त्याची मूळ संहिता जगापुढे खुली केली. डॉसवरील आवृत्तीत ध्वनीसाठी वापरलेला भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो प्रसिद्ध करण्याची मुभा आयडीला नव्हती. म्हणून जी संहिता खुली झाली ती लिनक्सवरील आवृत्तीची होती, ही गोष्ट लिनक्सच्या उपासकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. आरंभीचा परवाना व्यापारी उपयोगास प्रतिबंध करणारा होता. १९९९ साली तो बदलून ही संहिता जीपीएल या सार्वजनिक परवान्याखाली आणली गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्वेकची संहिताही त्याच परवान्याने मुक्त झाली. जीपीएल ही एक प्रकारची सनदच होय. तिच्यान्वये कोणालाही संहिता वाचण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि फेरफार केलेली प्रत वाटण्याचा हक्क मिळतो. मात्र वाटणाराने तोच हक्क पुढच्यालाही द्यावा, अशी अट तीत असते.

हक्क आणि मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना स्पष्टपणे देणे मी माझे कर्तव्य समजतो. संहिता मुक्त झाली म्हणजे सामग्रीही मुक्त झाली, असा समज अनेकांचा होतो, आणि तो चुकीचा आहे. डूमचे नकाशे, चित्रे व संगीत यांची मालकी आजही त्यांच्या धन्याकडेच आहे, आणि ती कोठून तरी फुकट उतरवून घेणे हे कायद्याला व सचोटीला धरून नाही. सुदैवाने सरळ मार्गाने जाणाऱ्यास तीन वाटा मोकळ्या आहेत. पहिली वाट शेअरवेअरची होय. डूमचे पहिले नऊ टप्पे निर्मात्यांनीच मोफत वाटण्यासाठी दिले होते आणि ते आजही त्याच रूपात घेता येतात. दुसरी वाट खरेदीची. गॉग अथवा स्टीम यांसारख्या अधिकृत विक्रेत्यांकडे हे जुने खेळ बहुधा अल्प मोलात मिळतात, आणि ज्यांच्या कपाटात जुनी तबकडी जपून ठेवलेली आहे त्यांना तर तेवढाही खर्च नाही. तिसरी वाट पर्यायी सामग्रीची. फ्रीडूम या प्रकल्पात अनेक देशांतील स्वयंसेवकांनी नकाशे, चित्रे व आवाज संपूर्णतः नव्याने घडवून डूमच्या इंजिनावर चालणारा एक स्वतंत्र खेळ सिद्ध केला आहे, जो घ्यावा, वाटावा, शाळेत ठेवावा, त्याला कोणाचीही हरकत नाही.

पूर्वतयारी

प्रथम आपली प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. लिनक्स मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर या नावाचे जे दालन आहे, त्यात शोधाच्या चौकटीत खेळाचे नाव लिहिले म्हणजे पोर्ट सापडतो आणि एका कळीने बसतो. नवख्याने हाच मार्ग धरावा. ज्यांना टर्मिनलची भीती वाटत नाही, त्यांनी तेथे सुडो, ॲप्ट आणि इन्स्टॉल हे तीन शब्द रोमन लहान अक्षरांत, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून लिहावेत, त्यापुढे हव्या त्या पॅकेजांची नावे द्यावीत आणि एंटर दाबावे; परवलीचा शब्द विचारला जाईल, तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, परंतु त्याने गोंधळून जाऊ नये. आरंभी क्रिस्पी-डूम, फ्रीडूम आणि इनोएक्सट्रॅक्ट ही तीन पॅकेजे घ्यावीत. पहिल्या नावात मधली रेघ लिहावयाची असते, हे विसरू नये.

यंत्राविषयी चिंता करण्याचे कारण नाही. डूमची मूळ अपेक्षा ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ एमबी स्मृती एवढीच होती, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कोणताही संगणक, ज्यावर आजचे खेळ उघडतही नाहीत, या कामाला पुरेसा होऊन उरतो.

डूम : पहिला पाठ

डूमचे पोर्ट अनेक आहेत, आणि त्यांतील निवड आपल्या हेतूवर अवलंबून असते. सायमन हॉवर्ड यांचा चॉकलेट डूम १९९३ चा अनुभव, त्यातील गुणदोषांसह, जसाच्या तसा राखण्याचे व्रत पाळतो. फाबियन ग्रेफ्राथ यांचा क्रिस्पी डूम त्याच पायावर उभा असून चित्राची स्पष्टता वाढवितो आणि मूळ इंजिनातील संख्यामर्यादा दूर करतो, त्यामुळे रसिकांनी पुढे रचलेले मोठे नकाशेही त्यावर चालतात. आणि जीझेडडूम हा सर्वांत संपन्न पोर्ट त्रिमितीय ग्राफिक्सच्या आधारावर उभा आहे, म्हणून जुन्या ग्राफिक कार्डावर तो अडखळण्याचा संभव असतो. माझे मत असे, की जुन्या यंत्रावर व नव्या माणसाने क्रिस्पी डूमपासूनच प्रारंभ करावा.

क्रिस्पी डूम आणि फ्रीडूम ही दोन्ही पॅकेजे बसविली, की फ्रीडूमची सामग्री प्रणाली स्वतःच तिच्या ठरलेल्या जागी ठेवते, आणि मेनूतून खेळ उघडला असता तो थेट सुरू होतो. ज्यांना शेअरवेअरची अथवा विकत घेतलेली सामग्री वापरावयाची आहे, त्यांनी ती कोठे ठेवावी, हे आता सांगतो. डूमची सामग्री वॅड या प्रत्ययाच्या एकाच फाइलीत असते. आपल्या होम फोल्डरात कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या असता दडविलेले फोल्डर दिसू लागतात; त्यांत ज्याच्या नावाच्या आरंभी टिंब आहे असा लोकल नावाचा फोल्डर असतो, त्याच्या आत शेअर, त्याच्या आत गेम्स आणि त्याच्या आत डूम, अशी उतरंड असावी; शेवटचे दोन फोल्डर नसतील तर लहान अक्षरांत नावे देऊन स्वतः करावेत आणि वॅड फाइल त्यांतील डूममध्ये आणून ठेवावी. हा फोल्डर आपल्या स्वतःच्या हद्दीतला असल्यामुळे प्रणालीच्या प्रशासकाची परवानगी लागत नाही. आणि कोणताही खेळ प्रशासकाच्या अधिकाराने चालवू नये, हा नियम तर सदैव पाळावा. फ्रीडूम आधीपासून हजर असताना विशिष्ट सामग्रीच उघडावयाची असल्यास टर्मिनलमध्ये पोर्टच्या नावापुढे उणे चिन्हाला जोडून आयवॅड हा शब्द आणि त्यापुढे त्या फाइलीचे नाव लिहावे.

आणलेली फाइल अस्सल व संपूर्ण आहे की नाही, याची पडताळणी करण्याचा सोपा उपाय म्हणजे तिचा आकार पाहणे. १.९ आवृत्तीच्या शेअरवेअर फाइलीचा आकार ४१,९६,०२० बाइट आणि त्याच आवृत्तीच्या डूम २ च्या फाइलीचा आकार १,४६,०४,५८४ बाइट असतो. फाइलीवर उजवी कळ दाबून गुणधर्म पाहिले असता हा आकडा दिसतो. तो जुळला नाही म्हणजे एक तर फाइल अर्धवट उतरली आहे, नाही तर ती दुसऱ्या आवृत्तीची आहे, असे समजावे.

विकत घेतलेली प्रत कशी उलगडावी

गॉगकडून घेतलेले बहुतेक जुने खेळ विंडोजसाठीच्या स्थापना-फाइलीच्या रूपात मिळतात, आणि ती फाइल लिनक्सवर निरुपयोगी आहे असे समजून पुष्कळ लोक तेथेच हताश होतात. वस्तुतः तिच्यातील इंजिन आपल्याला नकोच आहे. आपल्याला हवी आहे ती केवळ सामग्री. ती बाहेर काढण्याचे काम इनोएक्सट्रॅक्ट हे साधन करते. ज्या फोल्डरात स्थापना-फाइल आहे, तेथे टर्मिनल उघडून इनोएक्सट्रॅक्ट हा शब्द आणि त्यापुढे त्या फाइलीचे नाव लिहिले, की आतील सर्व जिन्नस उलगडून समोर येतात. त्यांतून डूमसाठी वॅड, क्वेकसाठी पॅक आणि ड्यूक न्यूकेम थ्रीडीसाठी जीआरपी प्रत्ययाची फाइल तेवढी उचलावी. डेबियनमध्ये याहूनही पद्धतशीर असे गेम-डेटा-पॅकेजर नावाचे साधन आहे. ते आपल्या मालकीच्या सामग्रीवरून रीतसर पॅकेज तयार करते, त्यामुळे पुढे ते काढणे अथवा दुसऱ्या यंत्रावर नेणे सुकर होते.

ड्यूक न्यूकेमच्या बाबतीत परवान्याचा एक तपशील जाणून घ्यावा. त्या खेळाची संहिता २००३ साली जीपीएलखाली आली, परंतु ज्यावर तो उभा आहे त्या केन सिल्व्हरमन यांच्या बिल्ड इंजिनाचा परवाना वेगळा असून तो व्यापारी उपयोगास मनाई करतो; म्हणून ईड्यूक३२ हा त्याचा पोर्ट घरी खेळण्यास मोकळा असला, तरी मुक्त सॉफ्टवेअरच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही.

क्वेक : अक्षरांचा आणि संगीताचा प्रश्न

२२ जून १९९६ रोजी आलेल्या क्वेकसाठी क्वेकस्पाझम हा पोर्ट घ्यावा. तो जुन्या ग्राफिक कार्डांवरही समाधानकारक चालतो. येथे नवख्यांना हमखास अडविणारी गोष्ट म्हणजे फाइलींच्या नावांतील अक्षरे. डॉस व विंडोज यांना मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत भेद वाटत नाही, लिनक्सला तो वाटतो; आणि जुन्या तबकड्यांवरील नावे तर सर्रास मोठ्या अक्षरांत असतात. काही पोर्ट दोन्ही रूपे चालवून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून शिरस्ता असा ठेवावा, की बाहेरून आणलेल्या प्रत्येक सामग्री-फाइलीचे व फोल्डराचे नाव प्रथम लहान अक्षरांत करून घ्यावयाचे. क्वेकची पॅक० आणि पॅक१ ही दोन पॅक आयडी१ नावाच्या फोल्डरात असावी लागतात, आणि ही तिन्ही नावे लहान अक्षरांत असली म्हणजे निम्म्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत.

दुसरा प्रश्न संगीताचा. क्वेकचे संगीत नाइन इंच नेल्स या वाद्यवृंदाचे असून ते सामग्री-फाइलींत नव्हते. तबकडीवर गाण्यांच्या तबकडीसारखे स्वतंत्र ट्रॅक म्हणून ते मुद्रित केलेले होते. केवळ पॅक फाइली उचलल्या तर खेळ चालतो, परंतु संगीत ऐकू येत नाही. ज्यांच्याकडे मूळ तबकडी आहे, त्यांनी तिच्यावरील दुसऱ्या ट्रॅकपासूनचे सर्व ट्रॅक ऑग स्वरूपात उतरवून आयडी१ मध्येच म्युझिक नावाच्या फोल्डरात ठेवावेत. पहिल्याचे नाव ट्रॅक०२, पुढच्याचे ट्रॅक०३, अशी क्रमवार नावे दिली, की इंजिन ती आपोआप वाजविते. डूममध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याचे संगीत वॅडमध्येच स्वरलिपीसारख्या नोंदींनी साठविलेले आहे, आणि त्या काळच्या ध्वनिकार्डातील चिपची हुबेहूब नक्कल चॉकलेट व क्रिस्पी हे पोर्ट स्वतःच करतात.

लहान मुलांसाठी : आगगाड्या आणि साहसकथा

डूम व क्वेक हे हिंसाप्रधान खेळ आहेत, ते अजाण मुलांपुढे ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे ओपनटीटीडी बसवावा. ख्रिस सॉयर यांच्या १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या खेळावरून लुडविग स्ट्रिगेउस यांनी याची पहिली आवृत्ती २००४ साली प्रसिद्ध केली, आणि ओपनजीएफएक्स या मुक्त चित्रसंचामुळे आता त्याला मूळ खेळाच्या सामग्रीची गरजच उरलेली नाही. लोहमार्ग टाकणे, सिग्नल लावणे, कोळसा खाणीतून वीजकेंद्राकडे नेणे, उत्पन्न व खर्च यांचा मेळ घालणे, हे सर्व त्यात करावे लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नियोजन, भूगोल व हिशेब यांचे शिक्षण त्यातून न कळत मिळते. पॅकेज बसविले की खेळ तयार. चित्रसंच नसल्यास पहिल्या वेळी तो उतरवून घेण्याची विचारणा खेळ स्वतःच करतो.

ज्यांना चित्रमय साहसकथा प्रिय आहेत, त्यांनी स्कमव्हीएम घ्यावा. त्यात मूळ संहिता नेहमीच उपलब्ध नसते. पुष्कळ ठिकाणी जुन्या इंजिनाचे वर्तन अभ्यासून नवे इंजिन लिहिलेले आहे. बिनीथ अ स्टील स्काय हा १९९४ चा खेळ त्याच्या मालकांनी पुढे मोफत वितरणास मोकळा केला, त्यामुळे पहिला प्रयोग त्याच्यावर करावा. सामग्रीचा फोल्डर दाखविला, की आत कोणता खेळ आहे हे स्कमव्हीएम स्वतः ओळखतो.

सामान्य अडचणी

सामग्री सापडत नाही अशी सूचना आली, तर फोल्डराची जागा, नावातील अक्षरे आणि फाइलीचा आकार, या क्रमाने तपास करावा. आकृत्या बुटक्या व पसरट दिसत असतील, तर चित्राच्या प्रमाणाची दुरुस्ती बंद आहे असे समजावे. डूमचे चित्र ३२० गुणिले २०० बिंदूंचे असले, तरी ते चारास तीन या प्रमाणाच्या पडद्यावर ताणून दाखविण्यासाठी रेखाटलेले होते, म्हणून पोर्टच्या सेटअप कार्यक्रमात ही दुरुस्ती चालू ठेवावी. दोन-चार मित्रांनी एकत्र खेळावयाचे असल्यास सर्वांनी एकाच पोर्टची एकच आवृत्ती आणि एकच वॅड वापरावी. चॉकलेट डूममध्ये चौघांपर्यंत खेळता येते, आणि वाटेत फायरवॉल असेल तर यूडीपीचे २३४२ हे द्वार मोकळे ठेवावे लागते. सर्व व्यवस्थित चालू लागले, की होम फोल्डरातील ज्या शेअर फोल्डरात आपण सामग्री ठेवली, त्यातील गेम्स आणि क्रिस्पी-डूम या दोन्ही फोल्डरांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. पहिल्यात सामग्री असते आणि दुसऱ्यात आपली मांडणी व साठविलेले डाव असतात.

वाचकांस विनंती

हा सारा खटाटोप केवळ करमणुकीसाठी आहे, असे कोणी समजू नये. आपल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात अथवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, जगभर नावाजलेली आणि तरीही एका माणसाला आद्यंत वाचता येईल एवढ्या आवाक्याची आज्ञावली हवी असेल, तर डूमच्या संहितेइतके चांगले पाठ्यपुस्तक क्वचितच मिळेल. आणि ते वाचण्याचा त्याचा हक्क सनदेने दिलेला आहे, कोणाच्या मेहरबानीवर अवलंबून नाही.

ज्यांना संहिता लिहिता येत नाही, त्यांनाही करण्यासारखे काम आहे. ओपनटीटीडीच्या भांडारात मराठी भाषांतराची फाइल कोणी तरी आरंभिलेली आहे, परंतु ती अपूर्ण भाषांतरांच्या वर्गात पडून आहे, आणि त्यामुळे आपल्या मुलांना तो खेळ इंग्रजीतच खेळावा लागतो. आगगाडी, मालधक्का, रूळ, फलाट, भाडे, कर्ज, व्याज, या खेळातील शब्दांना मराठीत रुळलेले प्रतिशब्द आहेत. उणीव आहे ती बसून काम करणाऱ्यांची. शहरातील एखाद्या शाळेने, ग्रंथालयाने अथवा चार मित्रांनी मिळून हे काम हाती घ्यावे आणि तडीस न्यावे, अशी माझी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.